अंगणातल्या कोंबड्याच्या पायाचे दुखणे

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या खेड्यांत आपल्या घरांच्या मागच्या अंगणात आजही चार-सहा गावठी कोंबड्या आणि एखादा कोंबडा असतो. त्यांचा हिशेब बहुधा घरातल्या बाईकडेच असतो. अंड्यांचे सुटे पैसे, खुडूक कोंबडीखाली बसवलेली अंडी, पाहुणा आला किंवा ईद आली की लागणारा गावठी कोंबडा, हे सारे तीच सांभाळते. कोंबडा तर फजरच्या आधी घर जागे करतो. तो नमाजसाठी उठवतो, म्हणून त्याला शिवी देऊ नये, अशी शिकवण हदीसमध्ये आहे.

असा हा कोंबडा एक दिवस पाय उचलून उचलून टाकू लागतो. नीट पाहिले तर पायावरचे खवले उभे राहिलेले असतात, त्यांच्यामध्ये पांढरट भुगा साचलेला असतो आणि पाय चुना थापल्यासारखा जाड दिसतो. घरात कुणीतरी म्हणते, "म्हातारा झाला आता, येत्या बाजारी काढून टाका." आमचे सांगणे एवढेच की, हे म्हातारपण नव्हे. ही पायाची खरूज आहे. ती घरातल्या साबणाने, तेलाने आणि महिनाभराच्या चिकाटीने बरी होते. मात्र असा कोंबडा बाजारात नेला, तर ती दुसऱ्याच्या अंगणात जाते.

ही खरूज एका अतिसूक्ष्म किड्यामुळे होते. शास्त्रात त्याचे नाव नेमिडोकॉप्टिस म्युटन्स. त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी तो ओळखू येत नाही. माणसाला खरूज लावणाऱ्या किड्याचा हा नातेवाईक, पण तो कोंबडीवर जगणारा. माणसाच्या अंगावर तो वस्ती करीत नाही. तो खवल्यांच्या खाली शिरून कातडीत बिळे करतो, तिथेच वाढतो आणि तिथेच पिलावळ घालतो. त्या त्रासाने कातडीतून स्राव येतो, तो सुकून खपल्या धरतात आणि खवले वर उचलले जातात. दुखणे हळूहळू वाढते, म्हणून सुरुवातीला कुणाच्या लक्षात येत नाही. दुर्लक्ष केले तर बोटे वाकडी होतात, कोंबडा लंगडतो, दाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि वाळत जातो. लंगडा कोंबडा कोंबड्यांवर चढू शकत नाही, मग अंडी रिकामी निघतात आणि पिल्ले कमी होतात.

पाय बिघडला की सध्या लोकांना आणखी एक भीती वाटते. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोली येथे बर्ड फ्लूने सुमारे शंभर कोंबड्या मेल्या आणि आसपासचे सुमारे २५ हजार पक्षी मारण्याचा निर्णय झाला. तेव्हापासून कोंबडी जरा मलूल दिसली तरी काळजात धस्स होते. फरक ओळखणे अवघड नाही. बर्ड फ्लूमध्ये एकाएकी अनेक पक्षी मरतात, तुरा निळा-जांभळा पडतो, डोके सुजते, पायावर लाल-जांभळे डाग दिसतात. पायाची खरूज आठवड्या-महिन्यांनी वाढते आणि कोंबडा खातपीत असतो. तळपायाला काळी खपली असलेली गाठ असेल, तर तो जखमेत पू झाल्याचा प्रकार आहे. तुऱ्यावर आणि तोंडावर फोड असतील, तर ती देवी असू शकते. यांचे उपचार वेगळे. आणि एकाएकी दोन-चार पक्षी मेले, तर मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

आता उपचार. दोघांनी मिळून करावा. एकाने कोंबडा जुन्या टॉवेलात पंखांसकट गुंडाळून कुशीत धरावा. डोळ्यांवर कापड आले की तो शांत राहतो. बादलीत कोमट पाणी घ्यावे. आपल्या हाताला सोसेल एवढेच गरम असावे. त्यात थोडा अंगाचा साबण विरघळवून कोंबड्याचे पाय दहा मिनिटे बुडवून ठेवावेत. मग जुन्या मऊ टूथब्रशने वरून खाली, खवल्यांच्या दिशेने, हलकेच घासावे. सुटेल तेवढेच सुटू द्यावे. नखाने खपली ओढली की रक्त येते आणि जखमेत घाण जाते. पाय कापडाने कोरडे करावेत आणि गुडघ्यासारख्या सांध्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन जाड थराने, खवल्यांच्या फटींत जाईल असे चोळावे. तेलाने किड्याची हवा कोंडते आणि तो मरतो. खवले मऊ होतात, म्हणून पुढच्या वेळी खपली सहज निघते.

एकदा करून भागत नाही. आत राहिलेली पिलावळ पुन्हा वाढते. म्हणून आठवड्यातून दोन-तीन वेळा, असे किमान चार आठवडे तेल लावावे. आठवड्यातून एकदा पाय बुडवून धुतले तरी चालेल. एकट्या कोंबड्याला लावून उपयोग नाही. एका खुराड्यात झोपणाऱ्या सगळ्यांना त्याच दिवशी लावावे, पाय चांगले दिसत असले तरी. अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीला मात्र जपावे. तेल अंड्याच्या कवचाला लागले की त्याची बारीक छिद्रे बुजतात आणि आतले पिल्लू गुदमरते. तिचा उपचार पिल्ले निघाल्यावर करावा आणि पिल्लांचे पाय पाहत राहावे, कारण आईकडूनच हे दुखणे पिल्लांना लागते.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. पहिली म्हणजे रॉकेल किंवा गाडीचे जळके ऑइल लावणे. त्याने किडा मरेल, पण कातडी भाजते आणि ते विष अंगात मुरते. शिवाय चुलीजवळ रॉकेल लागलेला कोंबडा म्हणजे घराला धोका. दुसरी म्हणजे गोठ्यातल्या जनावरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन अंदाजाने देणे. हे औषध या किड्यावर चालते, पण बैलाच्या आणि दोन किलोच्या कोंबड्याच्या मात्रेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याचा अंश मांसात आणि अंड्यात राहतो. खरूज फार वाढली असेल, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे किंवा १९६२ या मोफत क्रमांकावर विचारावे. डॉक्टरांनी औषध दिले, तर किती दिवस अंडी खायची नाहीत आणि कोंबडा कापायचा नाही, हे विचारून लिहून ठेवावे.

किडा कोंबडीच्या पायावरच राहतो, तरी गळलेल्या खपल्यांबरोबर तो खुराड्यात पडतो. आमच्याकडे पावसाळ्यात खुराडे महिना-महिना ओले असते. त्यामुळे उघडीप मिळाली की जुना पेंढा जाळावा, बसायच्या बांबूच्या फटी कढत पाण्याने धुऊन उन्हात वाळवाव्यात आणि भिंतीला चुना लावावा. कोरड्या कोपऱ्यात चुलीची राख आणि माती मिसळून ठेवली की कोंबड्या त्यात लोळतात. अंगावरच्या उवा-पिसवांना त्याने आळा बसतो. बाजारातून नवी कोंबडी आणली, तर तिला निदान तीन आठवडे डालग्याखाली वेगळे ठेवावे. घेण्यापूर्वीच पाय हातात घेऊन पाहावेत. खवले सपाट आणि चकचकीत असावेत.

उरला प्रश्न विकण्याचा. किंमत येईल तेव्हाच आजारी कोंबडा काढून टाकावा, असा सल्ला गावोगाव मिळतो. पण विकत्या मालातला दोष लपवू नये, हा आपल्या दीनचा साधा हुकूम आहे. घेणारी एखादी विधवा असेल किंवा एखादी कातकरी बाई. तिच्या चार कोंबड्यांनाही ती खरूज लागणार. महिनाभर तेल लावा, मग खुशाल विका. खवल्यांना पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. तोवर गिऱ्हाइकाने विचारले, तर काय झाले होते ते सांगावे.

आज संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात कोंडताना बॅटरी घ्या आणि एकेकीचे पाय पाहा. दुखणे नुकतेच लागलेले असेल, तर वाटीभर खोबरेल तेलात काम भागेल.