हाडांचे वय: मनगटाचा एक्स-रे काय सांगतो

नवजात बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला, तर तिथे एकही हाड दिसत नाही. मनगटाची आठही हाडे तेव्हा निव्वळ कूर्चेची असतात आणि कूर्चा एक्स-रेमध्ये उमटत नाही. तीन-चार महिन्यांच्या सुमारास मधोमध दोन पांढरे ठिपके दिसू लागतात, कॅपिटेट आणि हॅमेट या हाडांचे. पहिल्या वाढदिवसाच्या आसपास अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे, म्हणजे रेडियसचे, टोक उमटते. मग एकेक हाड येत जाते. सहा-सात वर्षांपर्यंत सात हाडे दिसतात. आठवे, वाटाण्याएवढे पिसिफॉर्म, बहुतेकदा आठ ते बारा या वयात कधीतरी उगवते.

यापुढची खरी गोष्ट लांब हाडांच्या टोकांशी घडते. बोटांच्या पेरांचे किंवा रेडियसचे टोक मुख्य हाडापासून एका काळ्या पट्टीने वेगळे दिसते. ती पट्टी म्हणजे वाढीची कूर्चा. हाडाची लांबी तिच्यामुळेच वाढते. वयात येताना हाडाचे टोक रुंदावते, मुख्य हाडाच्या कडांवर टोपीसारखे बसते आणि मग पट्टी बारीक होत होत नाहीशी होते. आधी बोटांच्या टोकाची पेरे जुळतात, सर्वांत शेवटी रेडियस आणि अल्ना. हा क्रम जवळपास सगळ्या मुलांमध्ये सारखा असतो, गती मात्र सारखी नसते. म्हणून दाखल्यावरच्या वयाहून वेगळे असे ‘हाडांचे वय’ मोजावे लागते.

त्यासाठी डाव्या हाताचा आणि मनगटाचा एकच एक्स-रे पुरतो. एवढ्याशा जागेत पंचवीसहून अधिक हाडे सापडतात, किरणोत्सर्ग अगदी नगण्य असतो आणि बहुतेकांचा उजवा हात कामाचा असल्याने डाव्याला इजा कमी झालेली असते.

एक्स-रे वाचण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. विल्यम ग्रूलिक आणि सेरा पाइल यांचा चित्रसंग्रह १९५० मध्ये आला, सुधारित आवृत्ती १९५९ मध्ये. त्यात मुलगे आणि मुली यांचे वयवार नमुने आहेत. ज्याच्याशी मुलाचा एक्स-रे जुळेल ते त्याच्या हाडांचे वय. काम झटपट होते, म्हणून रुग्णालयांत ही पद्धत आजही चालते. तिची उणीव मात्र लक्षात ठेवायला हवी. ते नमुने १९३० च्या दशकात आणि १९४० च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात, सुखवस्तू गोऱ्या कुटुंबांतल्या मुलांवरून घेतलेले आहेत. दुसरी पद्धत जेम्स टॅनर आणि रेजिनल्ड व्हाइटहाउस या ब्रिटिश संशोधकांची. तिच्यात प्रत्येक हाडाची अवस्था वेगळी ठरवून गुण देतात. २००१ मध्ये आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीला टीडब्ल्यू३ म्हणतात. तिच्यात १००० गुण झाले की हाताची वाढ पूर्ण झाली असे धरतात. सरासरीने मुलींमध्ये ते १५ व्या वर्षी आणि मुलांमध्ये साडेसोळाव्या वर्षी होते. आता संगणकही एक्स-रे वाचतो. डेन्मार्कमध्ये तयार झालेली ‘बोनएक्सपर्ट’ ही प्रणाली त्यांपैकी एक. त्यामुळे दोन डॉक्टरांच्या वाचनात पडणारा फरक टळतो, पण मुलामुलांमधला नैसर्गिक फरक कोणत्याही यंत्राने मिटत नाही.

डॉक्टरांना या तपासणीचा खरा उपयोग उंचीच्या तक्रारीत होतो. बारा वर्षांचा मुलगा वर्गात सर्वांत बुटका आहे आणि त्याच्या हाडांचे वय दहा निघाले, तर त्याच्याजवळ वाढायला अजून वेळ शिल्लक आहे. वडीलही उशिरा वाढले असतील आणि बाकी तपासण्या ठीक असतील, तर बहुधा धीर देणे एवढाच उपचार लागतो. पण थायरॉइडची कमतरता, ग्रोथ हार्मोनची कमतरता, कुपोषण किंवा दीर्घ आजार यांतही हाडे मागे पडतात, म्हणून नुसत्या एक्स-रेवर निदान करता येत नाही. उलट, फार लवकर वयात येणाऱ्या मुलीची हाडे पुढे धावतात. आज ती मैत्रिणींपेक्षा उंच दिसते, पण तिच्या वाढीच्या कूर्चा लवकर मिटतात आणि शेवटी ती बुटकी राहू शकते. पालकांना हे पटवणे अवघड असते, कारण समोर तर मूल भराभर वाढताना दिसते.

अंतिम उंचीचा अंदाज बांधण्यासाठी १९५२ मधले बेली आणि पिनो यांचे तक्ते वापरतात. हाडांचे वय आणि खरे वय दोन्ही १३ असलेल्या मुलाने सरासरीने अंतिम उंचीच्या ८७.६ टक्के उंची गाठलेली असते. तो १५० सेंटीमीटर असेल, तर अंदाज १७१ चा निघतो. तो काही सेंटीमीटर चुकू शकतो.

वाढीच्या या कूर्चा मिटवते कोण, याचे उत्तर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका रुग्णाने दिले. वय २८, उंची २०४ सेंटीमीटर, तरीही वाढ चालूच. हाडांचे वय मात्र १५. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा संदेश पोहोचतच नव्हता. ‘बायकांचे’ समजले जाणारे हे हार्मोनच पुरुषांमध्येही हाडांची वाढ थांबवते, हे त्यातून स्पष्ट झाले.

खेळात वय चोरण्याविरुद्धही ही तपासणी वापरतात. बीसीसीआय १६ वर्षांखालील मुलांच्या क्रिकेटसाठी टीडब्ल्यू३ पद्धत वापरते. फिफाने २००९ पासून १७ वर्षांखालील विश्वचषकात मनगटाचा एमआरआय आणला; त्यात किरणोत्सर्ग नसतो. अशा चाळणीत लवकर वाढलेला एखादा प्रामाणिक मुलगाही अडकू शकतो.

न्यायालयात हीच अडचण गंभीर होते. सतरा वर्षांच्या मुलाची मनगटाची हाडे पूर्ण जुळलेली असू शकतात. म्हणून अठराच्या आसपास कमरेचे हाड, तसेच गळपट्टीच्या हाडाचे छातीकडचे टोकही पाहतात. ते टोक विशीनंतर जुळते. तरीही तारीख सांगता येत नाही, वयाचा पल्ला तेवढा सांगता येतो. जया माला खटल्यात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते, हे मान्य केले. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहायचे. ते नसेल, तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. यांपैकी काहीच नसेल, तरच हाडांची तपासणी करायची, आणि ती आदेशापासून १५ दिवसांत पूर्ण करायची.