भिशीचे पैसे आणि गाडीची वॉरंटी

आमच्या गाडीला पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील. परवा शोरूममधून फोन, 'मॅडम, एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका, मुदत संपली की मिळणार नाही.' हे म्हणाले, 'घेऊ या, डोक्याला ताप नको.' पैसे मात्र माझ्या भिशीचे!

मला धुळ्याच्या नणंदबाई आठवल्या. त्यांनी अशीच वॉरंटी घेतली होती. मे महिन्यात जळगावला येताना पारोळ्याजवळ एसीचा कॉम्प्रेसर गेला. गाडीत दोन लेकरं, म्हातारी सासू, नि आपल्या खान्देशातलं ४४ अंशांचं ऊन! वर्कशॉपनं क्लेम नाकारला. कारण काय, तर एक सर्व्हिसिंग गल्लीतल्या मेकॅनिककडे केलेली. थोडे पैसे वाचवायला गेल्या बिचाऱ्या. (असा नकार लेखी मागावा, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, हे आम्हाला मागाहून कळलं.)

म्हणून मी करारच मागवला, चष्मा लावून वाचला. इंजिन, गिअरबॉक्स आत. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी बाहेर. म्हणजे गाडी एरवी ज्यासाठी पैसे मागते, ते सगळं बाहेरच की! शिवाय वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी भरेल तिथं वॉरंटी संपली. रोज जळगाव-धुळे करणाऱ्याचं वेगळं. आमची गाडी बाजारापुरती, नि वर्षातून एकदा वणीच्या गडावर.

मी नाही म्हणून कळवलं. तेवढेच पैसे पोस्टात टाकले, गाडीच्या नावानं. हे काही बोलले नाहीत. पण हल्ली गाडी सुरू करताना जरा खरखरली, की माझ्याकडे बघतात.