विश्लेषण : ‘नेट चालत नाही’ म्हणजे नेमके काय बिघडते? राउटरचे दिवे काय सांगतात?

प्रवेशाचा पसंतीक्रम भरण्याची शेवटची संध्याकाळ, घरून काम करणाऱ्याची महत्त्वाची मीटिंग किंवा सामन्याचे शेवटचे षटक. इंटरनेट नेमके अशाच वेळी जाते, असा घरोघरचा अनुभव आहे. मग राउटर बंद-चालू केला जातो, केबलवाल्याला फोन लावला जातो आणि ‘नेट चालत नाही’ एवढेच सांगून फोन ठेवला जातो. मात्र या तीन शब्दांत अनेक वेगवेगळे बिघाड दडलेले असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. कुठला दुवा तुटला हे कळले नाही, तर तंत्रज्ञाच्या वाटेकडे डोळे लावून दोन दिवस जातात किंवा गरज नसताना महागडा प्लॅन घेतला जातो.

इंटरनेट घरात येते कसे?

शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही बहुतेक नव्या जोडण्या फायबरच्या आहेत. कंपनीच्या केंद्रातून निघालेली काचेची तार खांबांवरून किंवा जमिनीखालून येते. वाटेत ‘स्प्लिटर’ नावाच्या छोट्या उपकरणातून तिच्यातला प्रकाश अनेक घरांत वाटला जातो. घरातला डबा, म्हणजे ओएनटी, त्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करतो. पुढे राउटर हे संकेत वाय-फायच्या लहरींवर चढवून मोबाइलपर्यंत पोहोचवतो. अनेक घरांत ही दोन्ही कामे एकाच डब्यात होतात.

काही ठिकाणी मात्र फायबर इमारतीच्या गच्चीपर्यंतच येते आणि तिथल्या स्विचमधून साधी लॅन केबल घरात सोडलेली असते. अशा जोडणीत एक गंमत होते. आपल्या घरात वीज असते, राउटर सुरू असतो, पण स्विच शेजारच्या इमारतीवर असेल आणि तिथली वीज गेली असेल तर नेट आपलेही जाते. पावसाळ्यात वीज कडाडल्यावर राउटरचा पोर्ट जळण्याचा धोकाही या तांब्याच्या तारेला जास्त. काचेच्या तारेतून वीज वाहत नाही.

दिवे काय सांगतात?

ओएनटीवरचे दोन दिवे ओळखता आले तरी अर्धे निदान होते. ‘पॉन’ हिरवा आणि स्थिर असेल, तर केंद्राशी जोडणी शाबूत आहे. ‘लॉस’ लाल झाला किंवा लाल लुकलुकू लागला, तर डब्यापर्यंत पुरेसा प्रकाशच पोहोचत नाही. रस्ता खोदताना तार तुटली असेल, माकडांनी ओढली असेल किंवा कपाट सरकवताना डब्यामागची बारीक तार दुमडली असेल. काचेची तार काटकोनात वळली की प्रकाश बाहेर निसटतो. त्यामुळे तार दुमडलेली नाही ना आणि डब्यातली पिन नीट बसली आहे ना, एवढे पाहावे. तारेच्या उघड्या टोकात डोकावून पाहू नये. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नसला तरी अपायकारक ठरू शकतो. एवढे करूनही दिवा लाल राहिला, तर घरात बसून करण्यासारखे काही उरत नाही. राउटर दहा वेळा बंद-चालू केल्याने बाहेर तुटलेली तार जुळत नाही.

‘पॉन’ हिरवा असून ‘इंटरनेट’चा दिवा बंद किंवा लाल असेल, तर संशय लॉग-इनवर किंवा कंपनीच्या यंत्रणेवर जातो. रिचार्ज संपल्याची शक्यता इथेच तपासावी. ते लक्षात न आल्याने झालेल्या तक्रारीही कमी नसतात. सगळे दिवे ठीक असून एकाच मोबाइलवर नेट नसेल, तर दोष त्या मोबाइलमध्ये किंवा वाय-फायमध्ये शोधावा.

रीस्टार्ट आणि रिसेट यांत फरक काय?

इथे सर्वाधिक नुकसान होते. रीस्टार्ट म्हणजे वीज बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करणे. त्यात काही बिघडत नाही. अडकलेला राउटर बऱ्याचदा त्यानेच मार्गी लागतो. दोन वेगळे डबे असतील तर आधी ओएनटी सुरू करावा, त्याचे दिवे स्थिरावले की मग राउटर. रिसेट म्हणजे डब्यामागच्या बारीक भोकात पिन घालून कळ दाबून धरणे. त्याने कंपनीने भरलेले युजरनेम, पासवर्ड आणि इतर सेटिंग पुसले जाऊ शकते. काही कंपन्यांची यंत्रणा ते दुरूनच पुन्हा भरते, पण जिथे तशी सोय नाही तिथे दहा मिनिटांत सुरू होणारे नेट तंत्रज्ञ येईपर्यंत बंद राहते. सेफ्टी पिन घेऊन डब्यामागे लागण्यापूर्वी हा फरक घरातल्या उत्साही मंडळींना सांगून ठेवलेला बरा.

नेट सुरू आहे, पण मंद का?

आधी हिशेब. प्लॅनमधला वेग मेगाबिटमध्ये असतो, तर डाउनलोड करताना तो अनेकदा मेगाबाइटमध्ये दिसतो. आठ बिटचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट हाच पूर्ण वेग. यात फसवणूक नाही. ‘अनलिमिटेड’ या शब्दात मात्र थोडी आहे! ठरावीक जीबीनंतर अनेक प्लॅनचा वेग खाली येतो. ती मर्यादा जाहिरातीत बारीक अक्षरांत आणि कंपनीच्या ॲपमध्ये सापडते.

वेग मोजायचा तर लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडूनच मोजावा. तिथे पूर्ण वेग मिळत असेल आणि आतल्या खोलीत मोबाइलवर २० एमबीपीएसच दिसत असेल, तर कंपनी निर्दोष आहे. प्लॅन १०० वरून ३०० वर नेऊनही आतल्या खोलीत फारसा फरक पडणार नाही. राउटर बहुधा तार जिथून आत आली तिथेच, दारामागे किंवा टीव्हीच्या पाठीमागे टांगलेला असतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असतात, पण भिंतींत, विशेषतः सिमेंट काँक्रीटच्या, लवकर विरतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लांब जातात, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरले जातात : १, ६ आणि ११. दाटीवाटीच्या सोसायटीत वीसेक राउटर या तिघांतच गर्दी करतात. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात लुडबुडतात. राउटर घराच्या मध्याजवळ, उंचावर आणि लोखंडी कपाटापासून दूर ठेवणे हा बिनपैशाचा उपाय आहे.

केबलने मोजूनही वेग ९५ एमबीपीएसच्या आसपासच अडकत असेल आणि प्लॅन ३०० चा असेल, तर आकडाच दोष सांगतो. राउटरचा, लॅपटॉपचा पोर्ट जुना, १०० एमबीपीएसचा आहे किंवा केबलमधल्या आठपैकी एखादी तार तुटली आहे. सकाळी सातला पूर्ण आणि रात्री दहाला निम्मा वेग मिळत असेल, तर मात्र गर्दी कंपनीच्या मार्गावर आहे. अशा मोजणीचे चार-पाच दिवसांचे, वेळेसह स्क्रीनशॉट तक्रारीत कामी येतात.

तक्रार कुठे करावी?

‘नेट चालत नाही’ऐवजी ‘लॉसचा दिवा सकाळी नऊपासून लाल आहे’ असे सांगितले, तर ‘राउटर बंद-चालू करून पाहा’ या सल्ल्याचा टप्पा टळू शकतो. तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्यावा. केबलवाल्याला केवळ व्हॉट्सॲप केल्यास नोंदच होत नाही. कंपनीच्या तक्रार केंद्राकडून तोडगा निघाला नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. ‘ट्राय’ वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. दूरसंचार सेवेबाबत ग्राहक आयोगाचा दरवाजा ठोठावता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.