चुंबकीय बिनतारी चार्जिंग स्टँड : निवड आणि परीक्षण

फोनसाठी चुंबकीय स्टँड विकत घ्यावयास गेलेल्या मनुष्यास खोक्यावर प्रथम दिसतो तो वॉटचा आकडा. १५ वॉटचा स्टँड ७.५ वॉटच्या स्टँडपेक्षा दुप्पट वेगाचा, २५ वॉटचा त्याहूनही सरस, असा हिशेब तो मनाशी मांडतो. हा हिशेब खोटा म्हणता येणार नाही. परंतु तो फार अपुरा आहे. खोक्यावरील आकडा ही सर्व परिस्थिती अनुकूल असता मिळणाऱ्या शक्तीची कमाल मर्यादा होय. ती शक्ती किती मिनिटे टिकते आणि कोणत्या तापमानास टिकते, हे त्या आकड्यावरून कळत नाही. वस्तुतः स्टँडची परीक्षा त्याच दोन प्रश्नांवर व्हावयास हवी, आणि पदव्युत्तर प्रयोगशाळेतील साध्या उपकरणांनी ती होऊ शकते, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

मूळ तत्त्व फॅराडेने १८३१ मध्ये शोधून काढलेले विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचेच आहे. स्टँडमधील वेटोळ्यातून उच्च वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह वाहतो, फोनच्या पाठीतील वेटोळ्यात विद्युत् दाब प्रवर्तित होतो, आणि एकदिशकारकातून जाऊन तो बॅटरीच्या भारणास उपयोगी पडतो. या पद्धतीचे प्रमाण ठरविण्यासाठी २००८ मध्ये वायरलेस पॉवर कन्सोर्शियम ही संस्था स्थापन झाली आणि २०१० मध्ये तिचे ‘ची’ नावाचे ५ वॉटपर्यंतचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. (हे नाव मराठीत षष्ठीच्या प्रत्ययाशी घोटाळा करील, म्हणून ते अवतरणचिन्हांतच ठेविले आहे.) २०२० मध्ये ॲपलने आयफोन १२ मध्ये वेटोळ्याभोवती चुंबकांचे कडे बसवून मॅगसेफ ही १५ वॉटची पद्धती आणली. तिच्यावर आधारलेले ‘ची-२’ हे सर्वसामान्य प्रमाण २०२३ मध्ये आले, आणि २०२५ मध्ये त्याची २५ वॉटची आवृत्ती निघाली. जुन्या पद्धतीत वारंवारता साधारणपणे १०० ते २०० किलोहर्ट्‌झच्या दरम्यान असे. चुंबकीय पद्धतीत ती ३६० किलोहर्ट्‌झ आहे. या वारंवारतेस तांब्यामध्ये प्रवाह पृष्ठभागापासून अवघ्या ०.११ मिलिमीटर खोलीपर्यंत प्रभावी असतो. म्हणूनच चांगल्या वेटोळ्यात जाड तारेऐवजी परस्परांपासून विलग केलेल्या अनेक बारीक तारांचा पीळ वापरतात.

चुंबकांचे काम फोन धरून ठेवण्याचे आहे असे सामान्यतः समजले जाते. ते काम आहेच. परंतु त्यांचे महत्त्वाचे कार्य दोन्ही वेटोळी एकासमोर एक आणण्याचे आहे. दोन वेटोळ्यांमधील युग्मन गुणांकाचा वर्ग आणि त्यांचे दोन गुणवत्ता-अंक यांच्या गुणाकारास आपण ‘ग’ म्हणू. मग या जोडीची कमाल कार्यक्षमता ग ÷ (१ + √(१ + ग))² इतकी येते. दोन्ही गुणवत्ता-अंक ५० धरले, तर युग्मन गुणांक ०.५ असता कार्यक्षमता सुमारे ९२ टक्के येते, तो ०.२५ झाला की ८५ टक्के, आणि ०.१ झाला की केवळ ६७ टक्के. चुंबक नसलेल्या जुन्या चकतीवर फोन एक-दीड सेंटिमीटर बाजूस ठेविला की रात्रभर ठेवूनही सकाळी बॅटरी अर्धवट भरलेली आढळे, त्याचे कारण येथे सापडते. अर्थात हे आकडे केवळ वेटोळ्यांच्या जोडीचे आहेत. प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करणारे मंडल, एकदिशकारक आणि बॅटरीचे भारण नियंत्रित करणारे मंडल यांतील ऱ्हास त्यात मिळवावा लागतो.

हा ऱ्हास शेवटी उष्णतेच्या रूपाने प्रकट होतो. स्टँडमध्ये निर्माण झालेली उष्णता फारशी उपद्रवी नसते. फोनमध्ये निर्माण होणारी असते. तिचा अंदाज आपण कागदावरच करून पाहू. फोनचे वस्तुमान १८० ग्रॅम व सरासरी विशिष्ट उष्मा दर ग्रॅमला ०.९ ज्यूल धरला, तर त्याची उष्माधारकता दर अंशास सुमारे १६० ज्यूल येते. दोन्ही बाजू मिळून त्याचे क्षेत्रफळ सुमारे २१० चौरस सेंटिमीटर असते. स्थिर हवेत अभिसरण व प्रारण मिळून दर चौरस मीटरला दर अंशास १० वॉट उष्णता बाहेर पडते असे मानल्यास हा फोन दर अंश तापमानवाढीमागे ०.२१ वॉट बाहेर टाकू शकतो. फोनला मिळणाऱ्या १५ वॉटपैकी २० टक्के, म्हणजे ३ वॉट, आतच उष्णता होऊन राहिले असे समजू. मग आरंभी तापमान मिनिटाला एका अंशाहून किंचित अधिक गतीने चढेल आणि शेवटी खोलीच्या तापमानापेक्षा सुमारे १४ अंशांवर स्थिर होईल. खोली २५ अंशांवर असेल तर फोन ३९ अंशांवर थांबेल. खोली ३६ अंशांवर असेल तर गणित ५० अंशांवर जाते.

प्रत्यक्षात तो ५० अंशांवर जात नाही, कारण फोनमधील नियंत्रणप्रणाली त्यापूर्वीच शक्ती कमी करण्याचा निरोप स्टँडला पाठविते. (फोन आपल्या वेटोळ्यावरील भारात सूक्ष्म बदल करून हे निरोप त्याच चुंबकीय मार्गाने पाठवितो, ही या पद्धतीतील मोठी मनोहर योजना आहे.) समजा, ही मर्यादा पृष्ठभागावर ४२ अंशांची आहे. हा आकडा आम्ही गणितापुरता घेतला आहे. प्रत्येक उत्पादकाची मर्यादा निराळी असते. २५ अंशांच्या खोलीत फोन ३.५७ वॉट उष्णता सोसू शकेल, म्हणजे सुमारे १८ वॉट शक्ती घेऊ शकेल. ३६ अंशांच्या खोलीत मात्र त्यास १.२६ वॉटच उष्णता सोसता येईल, म्हणजे घेता येणारी शक्ती अवघी ६.३ वॉट उरेल. खोक्यावर १५ छापलेले असो वा २५ छापलेले असो, ६.३ वॉट! विदर्भात व खानदेशात मे महिन्यात कमाल तापमान ४० अंशांच्या वर जाणे नित्याचे आहे. आणि आयफोन ० ते ३५ अंश तापमानाच्या जागी वापरावा, अशी खुद्द ॲपलची सूचना आहे. तेव्हा वातानुकूलित खोलीत झालेल्या परीक्षणाचा निष्कर्ष अकोल्याच्या किंवा जळगावच्या वाचकाने जसाच्या तसा स्वीकारणे योग्य होणार नाही.

यातून परीक्षणाचा कालावधीही ठरतो. उष्माधारकतेस उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेने भागले असता सुमारे १३ मिनिटे हा कालस्थिरांक मिळतो. स्थिर स्थिती येण्यास याच्या तिप्पट, म्हणजे ४० मिनिटे, तरी द्यावयास हवीत. पहिल्या पाच-दहा मिनिटांत मोजलेली शक्ती पाहून स्टँडची प्रशस्ती करणे म्हणजे पहिल्या फर्लांगावरून धावपटूची पारख करण्यासारखे आहे. दुर्दैवाने प्रसिद्ध होणारी पुष्कळशी परीक्षणे याच जातीची असतात.

आता प्रत्यक्ष पद्धतीकडे वळू. फोन एक तास खोलीच्या तापमानास ठेवावा, पडदा बंद आणि सर्व संदेशवहन बंद असावे, आणि नित्य वापरातील आवरण त्यावर असावे. भारण २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंतच मोजावे. ८० च्या आसपास लिथियम-आयन बॅटरीचा विद्युत् दाब मर्यादेस पोहोचू लागतो आणि प्रवाह आपोआप उतरतो, त्यामुळे पुढचा भाग स्टँडविषयी काही सांगत नाही. फोन न उघडता बॅटरीत गेलेली ऊर्जा मोजणे कठीण आहे. म्हणून प्रथम तोच फोन, त्याच अडॅप्टरने, तारेने भारित करून भिंतीच्या सॉकेटमधून घेतलेले वॉट-तास नोंदवावेत. नंतर स्टँडने तेच करावे. या दोहोंचे गुणोत्तर ही स्टँडची सापेक्ष कार्यक्षमता होय. पडद्यावरील टक्केवारीत दोन्ही टोकांस एकेक टक्क्याची अनिश्चितता धरली, तरी ६० टक्क्यांच्या अंतरात ती ३ टक्क्यांच्या आत राहते. सॉकेटवरील मापक खरी शक्ती मोजणारा असावा. दाब आणि प्रवाह यांचा नुसता गुणाकार अशा अडॅप्टरांच्या बाबतीत फसवितो.

त्याबरोबरच अडॅप्टर आणि स्टँड यांच्यामध्ये मापक जोडून दर मिनिटास शक्ती नोंदवावी व आलेख काढावा. या आलेखात उतरत्या पायऱ्या दिसतील. पहिली पायरी कितव्या मिनिटास आली आणि शेवटची सपाटी किती वॉटवर स्थिरावली, हे दोन आकडे मला खोक्यावरील आकड्यापेक्षा अधिक बोलके वाटतात. तापमान मोजताना मात्र सावधगिरी हवी. वेटोळ्यासमोर तपयुग्म ठेविल्यास त्याच्या धातूतच भोवरा प्रवाह निर्माण होऊन ते स्वतः तापते, शिवाय वाचनात गोंधळ शिरतो. ते वेटोळ्याच्या कडेबाहेर लावावे, किंवा स्टँडचा पुरवठा क्षणभर खंडित करून वाचन घ्यावे. अवरक्त तापमापक वापरावयाचा तर चकचकीत काचेवर व धातूवर तो चुकीचे आकडे देतो, म्हणून निस्तेज काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर रोखावा. हाच प्रयोग एकदा डिसेंबरात व एकदा एप्रिलमध्ये केल्यास वरील गणिताची चांगली कसोटी लागेल.

अशा बिनतारी भारणाने वीज वाया जाते, हा आक्षेप वारंवार ऐकू येतो. समजा, दर वेळी ३.५ वॉट-तास अधिक लागले. तरी वर्षभरात ही नासाडी सव्वा युनिटाच्या आसपासच जाते. वीजबिलाच्या दृष्टीने ती नगण्य आहे. तेच ३.५ वॉट-तास रोज फोनच्या पाठीशी उष्णता होऊन साठतात, ही गोष्ट मात्र नगण्य नव्हे. लिथियम-आयन बॅटरीची धारिता कमी करणाऱ्या अनिष्ट रासायनिक क्रिया तापमानाबरोबर आणि भारणाच्या उच्च पातळीबरोबर वेग घेतात. पूर्ण भरलेला फोन रात्रभर उबदार स्टँडवर ठेवणे म्हणजे या दोन्ही गोष्टी एकत्र आणणे होय. ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय फोनमध्ये असल्यास ती वापरावी.

निवडीसंबंधी थोडेसे. फोन तिरपा उभा धरणारा, पाठीमागून मोकळा असलेला स्टँड सपाट चकतीपेक्षा बरा. चुंबकीय चकतीचा व्यास सुमारे ५६ मिलिमीटर असतो, म्हणजे पाठीचा चतुर्थांशाहून कमीच भाग झाकला जातो आणि उरलेल्या भागावरून हवा खेळते. फोन टेबलावर पालथ्या बाजूने टेकला की जवळजवळ निम्मे क्षेत्र निकामी होते. काही स्टँडांत लहान पंखा असतो. उष्ण प्रदेशात तो उपयुक्त ठरतो, मात्र उशाशी ठेवण्याच्या स्टँडात त्याचा आवाज ऐकून मगच पैसे द्यावेत. अडॅप्टर हा स्टँडचाच भाग समजावा. १५ वॉटसाठी साधारण २० वॉटचा व २५ वॉटसाठी सुमारे ३० वॉटचा अडॅप्टर लागतो; जुन्या ५ वॉटच्या अडॅप्टरवर उत्तम स्टँडही दुबळा ठरतो. केवळ ‘चुंबकीय’ या शब्दावर विसंबू नये: प्रमाणित नसलेल्या कित्येक चुंबकीय स्टँडांवर आयफोन ७.५ वॉटच घेतो. प्रमाणित साधनांची सूची कन्सोर्शियमने सर्वांस खुली ठेविली आहे. ‘ची-२ रेडी’ म्हणविल्या जाणाऱ्या फोनांत चुंबक आवरणात असतात, फोनात नसतात, हेही पाहून घ्यावे.

पकड मोजण्यास ताणकाटा पुरतो. २०० ग्रॅमच्या फोनचे वजन सुमारे २ न्यूटन. आवरण व स्टँड यांतील घर्षणांक ०.३ धरल्यास उभ्या पृष्ठभागावर फोन घसरू नये म्हणून चुंबकाची ओढ ६.७ न्यूटन तरी हवी. आवरणाची जाडी मिलिमीटरभर वाढली तरी ही ओढ झपाट्याने घटते, म्हणून मोजमाप आवरणासहच घ्यावे. उलटपक्षी ओढ फार आणि स्टँडचे बूड हलके असले, तर फोन उचलताना स्टँडही हातात येतो.

ही चुंबके हृदयस्पंदक यंत्रावर परिणाम करू शकतात. आयफोन १२ छातीजवळ नेला असता रोपण केलेल्या हृदययंत्राचे उपचारकार्य स्थगित झाल्याचे निरीक्षण अमेरिकेतील हेन्री फोर्ड रुग्णालयाच्या वैद्यांनी २०२१ च्या आरंभी प्रसिद्ध केले. अशी यंत्रे व फोन यांत १५ सेंटिमीटरहून, आणि बिनतारी भारण चालू असता ३० सेंटिमीटरहून अधिक अंतर ठेवावे, असे ॲपल सांगते. प्रयोगशाळेत परीक्षण मांडण्यापूर्वी सहभागी व्यक्तींकडे याविषयी चौकशी करावी.

शेवटी, परीक्षणाच्या नोंदीत स्टँडच्या नावाबरोबर फोनचे नाव, आवरणाची जाडी, अडॅप्टरची शक्ती आणि खोलीचे तापमान लिहिल्याशिवाय कोणताही आकडा लिहू नये. एका फोनवर मिळालेली सपाटी दुसऱ्या फोनवर लागू पडत नाही.