अकरावी सोडताना

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. गेल्या पावसाळ्यात भाचीचा दाखला काढायला मी सांगलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या खिडकीपाशी उभा होतो. अकरावी सायन्सला बसून तिला महिनाही झाला नव्हता. क्लार्कबाईंनी त्या रकान्यात लिहिलं, 'पुढील शिक्षणासाठी'. भाचीनं ते दोनदा वाचलं आणि हळूच विचारलं, "मामा, म्हणजे मी शिक्षण सोडलं नाही ना?"

तिला मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकल लागलं होतं. तरी घरात दोन दिवस सुतक असल्यासारखी शांतता होती. "बारावी नाही म्हणजे नंतर काय?" हा आजीचा प्रश्न.

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोन्हीकडे फॉर्म भरतात. अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया 2025 पासून राज्यभर लागू झाली, तेव्हा सातारा-सांगलीची मुलंही पहिल्यांदाच तिच्यात आली. डिप्लोमाचे कॅप राउंड मात्र तंत्रशिक्षण संचालनालय वेगळे घेतं. दोन पोर्टल, दोन वेळापत्रकं. त्यामुळे अकरावीचे वर्ग सुरू झाल्यावर कुणाला कराडचं तंत्रनिकेतन लागतं, कुणाला विश्रामबागेतलं वालचंद, कुणाला साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील पॉलिटेक्निक. मूळ दाखला तोवर ज्युनिअर कॉलेजात जमा झालेला असतो. तो तिथून काढायचा म्हणजे अकरावीची जागा सोडायची. म्हणून कळकळीनं सांगतो, डिप्लोमाची जागा अलॉट झाल्याचं पत्र हातात आल्याशिवाय दाखल्याला हात लावू नका. सुटलेली जागा दुसऱ्याला जाते.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. डिप्लोमा तीन वर्षांचा. तो निदान 45 टक्क्यांनी, राखीव प्रवर्गात 40 टक्क्यांनी पास झालं की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. पुढची तीन धरून सहा वर्षं. बारावीची दोन आणि डिग्रीची चार, तीही सहाच. या वाटेवर सीईटी नाही, डिप्लोमाच्या गुणांवर प्रवेश होतो. शिवाय मधल्या टप्प्यावर हातात पदविका असते, आणि सार्वजनिक बांधकाम किंवा जिल्हा परिषदेच्या कनिष्ठ अभियंता भरतीला सिव्हिलची पदविका चालते. घरची ओढाताण असेल तर हा टप्पा फार मोलाचा.

पण काही दारं बंदही होतात आणि ती कुणी आधी दाखवत नाही. नीटला बारावीचं फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं. ज्या मुलीच्या मनात डॉक्टरकी आहे, तिनं केवळ यादीत नाव आलं म्हणून अकरावी सोडू नये. डिप्लोमाचा अभ्यासही सोपा नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिलं सेमिस्टर इंग्रजी शब्दांशी झुंजण्यात जातं. विषय राहत गेले की 'वायडी', म्हणजे वर्ष वाया. नंतर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला गेल्यावर एम-थ्रीचं गणित समोर येतं. सोबतच्या मुलांची एम-वन, एम-टू झालेली असतात, आपली नसतात. हे माहीत असलं की डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत तयारी करता येते.

शाळा कुठे संपते आणि कॉलेज कुठे सुरू होतं, ही रेघ काही देवानं आखलेली नाही. आमच्या वडिलांच्या पिढीला अकरावी ही शाळाच होती, तीच मॅट्रिक. 1975 मध्ये दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली आणि मग अकरावी कॉलेजात गेली. खेड्यात आजही कित्येक ठिकाणी ती हायस्कूलच्याच इमारतीत, त्याच बाकांवर भरते.

आणि याच सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं शाळेत मन रमलं नाही. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला गेले. तिथे काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आल्यावर चित्रकला सुटली, पण यांत्रिक रेखाटन त्यांनी धरून ठेवलं. पुढे ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. 1910 मध्ये औंध संस्थानानं दिलेल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर त्यांनी कारखाना उभा केला. प्रत्येक पोराचं असं होत नाही, हे मलाही कळतं. पण हाताला काय जमतं ते ओळखून वाट बदलणाऱ्याला या मातीनं जागा दिलेली आहे. 1947 मध्ये धोंडुमामा साठ्यांनी सांगलीत इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, त्याचंच पुढे वालचंद झालं. शिकायला पुण्या-मुंबईला पाठवणं ज्यांना झेपत नव्हतं, त्यांच्या दारात ते आलं.

दिवाळीला भाची घरी आली. पिशवीतून लोखंडाचा एक चौकोनी तुकडा काढून तिनं आजीच्या हातात दिला. वर्कशॉपमधला फिटिंगचा जॉब. कानशीनं घासून घासून कडा काटकोनात आणायच्या. तळहाताला दोन फोड आले होते, एक फुटलेला. आजीनं तो तुकडा पदरानं पुसला. मग भाचीनं त्याला गुण्या लावला आणि दारातल्या उजेडाकडे धरला. एका कोपऱ्यातून प्रकाशाची केसाएवढी फट दिसत होती.

"अजून घासायचंय," ती म्हणाली.