ओलावा किती?

नोव्हेंबर 2025. परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या एका जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यावर आली आहे. ट्रॅक्टर, पिकअप, मधेच एखादा छोटा हत्ती. एक म्हातारबा ट्रॉलीवर चढून कापूस हातानं वरखाली करतायत. ऊन लागेल तेवढं लागू द्यायचं. सप्टेंबरच्या अतिवृष्टीतून जे वाचलं, ते इथं आलंय.

आत ग्रेडर ओलाव्याचं मीटर कापसात खुपसतो. हमीभाव आधीच ठरलेला आहे, लांब धाग्याला 8,110 रुपये क्विंटल. पण तो 8 टक्के ओलाव्याचा. पुढच्या टक्क्याटक्क्याला पैसे कापले जातात आणि 12 च्या वर सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, माल घेत नाही.

"किती निघाला, साहेब?"

"तेरा."

"दोन दिस वाळवलाय हो. खालून बघा की जरा."

खालूनही तेराच. "मग काय, वापस नेऊ?"

गाडी भाड्याची. तेवढ्यात एक खाजगी व्यापारी हळूच सरकतो. त्याला तेरा चालतात, पण भाव तो सांगेल तो. केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेर माफ केलंय, म्हणून बाजारात भाव चढायचा नाही, हे रांगेतल्या पोरासोरांनाही पाठ आहे.

मानवत म्हटलं की बाहेरच्यांना 1972 ते 74 चं नरबळींचं हत्याकांडच आठवतं. इथं त्याचा विषयही निघत नाही. विषय निघतो तो त्याच 1972 पासूनच्या, कापसाच्या सरकारी एकाधिकार खरेदीचा आणि तेव्हा चुकाऱ्यासाठी मारलेल्या खेट्यांचा. उत्तरेला दुधना, दक्षिणेला गोदावरी, मधे काळं रान. पेठ वाढली ती या कापसावर. निजामाच्या काळात हैदराबाद-मनमाड रेल्वे आली, तीही गावाला बगल देऊन. म्हणून स्टेशनचं नाव 'मानवत रोड'.

शेडमध्ये जिनांची घरघर चालू आहे. क्विंटलमागे रुई निघते जेमतेम 35 किलो, उरते ती बहुतेक सरकी. रुईच्या 170 किलोच्या गाठी बांधल्या जातायत.

तेरावाला शेतकरी व्यापाऱ्याच्या काट्याकडे वळतो. ओलावा मोजायचं हे यंत्र गावागावात हवं, गाडी भरण्याआधी. फाटकावर आकडा कळून शेतकऱ्याला काही उपयोग नाही.