उपकेंद्राची घटमाला आणि एकदिशकारक

वादळात फांदी कोसळून विजेच्या दोन तारा एकमेकींना भिडल्या, की उपकेंद्रातील ब्रेकर क्षणार्धात उघडून त्या वाहिनीचा पुरवठा तोडतो. परंतु ब्रेकर उघडण्यासाठीही वीज लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी बाहेरील पुरवठ्याचा दाब कोसळलेला असतो. म्हणून उपकेंद्रात घटमाला ठेवावी लागते. ११० व्होल्टच्या घटमालेत साधारणपणे शिसे-अम्लाचे ५५ घट एकसरीत जोडलेले असतात.

घटमालेला एकाच दिशेने वाहणारा प्रवाह हवा असतो. आपल्या वाहिन्यांतील प्रवाह मात्र सेकंदाला ५० आवर्तने करतो. त्याला एकाच दिशेस वळविणारे साधन म्हणजे एकदिशकारक, कारागिरांच्या भाषेत चार्जर. प्रथम रोहित्र दाब कमी करते. पुढे सिलिकॉनचे डायोड अथवा थायरिस्टर प्रवाहाला एकाच बाजूने जाऊ देतात. त्रिकला पुरवठ्यावर सहा डायोडांचा सेतू वापरला, तर सेकंदाला ३०० लहान लहरी उरतात. चोक व धारित्र त्या सपाट करतात. थायरिस्टर कोणत्या क्षणी सुरू करावयाचा, हे बदलून दाब हवा तेवढा राखता येतो. (मुंबईची उपनगरी गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी सुरू झाली तीही १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर, तेथील हा दाब २०१६ मध्ये पूर्णपणे बदलला गेला.)

एरवी चार्जर दर घटास सुमारे २.२ व्होल्ट, म्हणजे घटमालेस १२१ व्होल्टच्या आसपास दाब देत राहतो. दिवे व रिले यांचा नित्य भार तोच वाहतो, आणि घटमालेची झीज थोड्याशा प्रवाहाने भरून निघते. दाब सतत कमी राहिला तर पट्ट्यांवर गंधकाम्लाचे कठीण क्षार जमतात. अधिक राहिला तर पाणी उडून जाते व हायड्रोजन वायू सुटतो. घटमालेच्या खोलीत हवा खेळती असावी आणि विडीकाडी पेटवू नये, हा नियम त्यामुळेच आहे.

एक फसगत मात्र वारंवार होते. चार्जर चालू असताना मापक पाहिला, तर तो चार्जरचाच दाब दाखवितो; आतील एखादा घट निकामी झाला असला तरी काटा जागच्या जागी असतो. चार्जर काही वेळ बंद करून, भार घटमालेवर टाकून प्रत्येक घटाचा दाब व अम्लाचे विशिष्ट गुरुत्व नोंदवावे, तेव्हाच खरी स्थिती कळते. नोंदवहीत हा रकाना महिनोन्महिने कोरा असेल, तर त्या उपकेंद्राच्या वाहिन्यांखालील शेतांत काम करणाऱ्यांचे रक्षण नशिबावर सोडलेले आहे.